‘नित्य’ दिसलं की पेन्सिल उचला

गीता-उपनिषदं वाचताना ‘नित्य’, ‘शाश्वत’, ‘सनातन’, ‘अव्यय’, ‘अक्षर’ हे शब्द इतक्या वेळा येतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो. भाषांतरात बहुतेक ठिकाणी सगळ्यांची एकच वासलात लागते: ‘कायमचा’. आपण मान डोलावतो आणि पुढच्या श्लोकाकडे जातो. खाली दिलेली पद्धत तेवढ्या एका जागी थांबण्यासाठी आहे. शब्दाला तीन-चार प्रश्न विचारायचे, पानाच्या समासात (कडेच्या मोकळ्या जागेत) एक अक्षर लिहायचं आणि मग पान उलटायचं. संस्कृत येत नसलं तरी अडत नाही. शाळेत ‘देवः देवौ देवाः’ कानावरून गेलं असेल तर तेवढं भांडवल पुरतं.

मी पंडित नाही. ठाण्यात कोर्टनाक्यावर एका वकिलांकडे दस्त लिहिण्यात माझी नोकरी गेली. ‘कायम खूषखरेदीखत’ अशा ठसठशीत मथळ्याखाली विकलेली जमीन काही वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या नावाने त्याच टेबलावर परत यायची. त्यामुळे कोणी ‘कायमचं’ म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं: कोणाचं, कशापासून, कुठपर्यंत? निवृत्त झाल्यावर गीता हातात घेतली तेव्हा ही खोड सोबत आली. आता शनिवारी संध्याकाळी चरईत एका मित्राच्या घरी आम्ही पाचसहा जण बसतो, तिथे हीच पद्धत वापरतो.

सामान फार लागत नाही. पदच्छेद (शब्द सुटे करून) आणि अन्वय (शब्द गद्याच्या क्रमाने) दिलेली गीतेची कुठलीही प्रत, सार्थ ज्ञानेश्वरी, एक वही. शांकरभाष्याचं, म्हणजे शंकराचार्यांच्या गीतेवरच्या टीकेचं, मराठी भाषांतर मिळालं तर उत्तम. विकत घेण्याआधी ग्रंथालयात चाळून बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालापासून उभं आहे, त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. पेन्सिल मात्र हवीच. पेनने लिहू नका, अक्षर पुढे बदलावं लागतं.

पर्यायशब्दांवर विसंबू नका

अमरकोश या संस्कृत पर्यायशब्दांच्या जुन्या कोशात ओळ आहे: ‘शाश्वतस्तु ध्रुवो नित्यसदातनसनातनाः’. पाच शब्द एका माळेत ओवलेले. श्लोक रचणाऱ्याला हे सोयीचं, कारण मात्रा बघून हवा तो मणी उचलता येतो. वाचणाऱ्याची मात्र यात फसगत होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला विसावा श्लोक घ्या. ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः’ असे चार शब्द तिथे ओळीने येतात, आणि हाच चरण कठोपनिषदातही (१.२.१८) आहे. चौघांचा अर्थ एकच असेल तर तीन शब्द निव्वळ भरतीचे ठरतात. दस्तात आम्ही लिहायचो, ‘सदर मिळकत विक्री, गहाण, दान, बक्षीस वा अन्य प्रकारे कोणासही दिलेली नाही’. तिथे प्रत्येक शब्द एकेक वाट बंद करण्यासाठी असतो. या चरणातही तसंच आहे, आणि ते मी म्हणतो म्हणून नव्हे. शंकराचार्यांनी ते शब्दागणिक दाखवलंय. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

शब्दांची घडण एकदा बघून ठेवा, मग विसरलात तरी चालेल. ‘सनातन’मध्ये ‘सना’ हे जुनं अव्यय आणि पुढे ‘तन’. पाणिनीचं सूत्र (४.३.२३) हा ‘तन’ कालवाचक अव्ययांना जोडतं, म्हणून अद्यतन म्हणजे आजचा, ह्यस्तन कालचा, श्वस्तन उद्याचा, चिरंतन फार काळाचा. सनातन या भावंडांमधला. ‘नित्य’चं मूळ ‘नि’मध्ये आहे, आत असलेला, आपला स्वतःचा. ऋग्वेदात अग्नीला ‘नित्यो न सूनुः’ (१.६६.१) म्हटलंय ते पोटच्या पोरासारखा या अर्थाने. ‘अक्षर’ म्हणजे जे झिजत-पाझरत नाही, ‘अव्यय’ म्हणजे ज्यातून खर्च पडत नाही. घडणीवरून अर्थाची दिशा कळते. पण एखाद्या श्लोकात त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, ते घडणीवरून ठरवू नका. तिथेच माणसं घसरतात आणि मग सभा-भाषणांतून धातू-प्रत्ययांच्या जोरावर वाटेल ते सिद्ध होतं.

बोलतंय कोण?

हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक लोक हाच विचारत नाहीत.

गीतेत ‘सनातन’ आणि ‘शाश्वत’ हे शब्द सर्वांत आधी कृष्णाच्या तोंडी येत नाहीत. ते येतात पहिल्या अध्यायात, धनुष्य टाकायच्या बेतात असलेल्या अर्जुनाच्या तोंडी. ‘कुलक्षये प्रणश्यन्ति कुलधर्माः सनातनाः’ (१.४०). कुळाचा नाश झाला की सनातन कुलधर्म नष्ट होतात. तीन श्लोकांनी पुन्हा: ‘उत्साद्यन्ते जातिधर्माः कुलधर्माश्च शाश्वताः’ (१.४३). म्हणजे जे शाश्वत आहेत तेच उखडले जातात.

आमच्या बैठकीत शेजारच्या वहिनी येतात. त्यांनी हा श्लोक वाचून लगेच विचारलं, ‘‘अहो, सनातन असेल तर नष्ट कसं होईल? आणि नष्ट होणार असेल तर सनातन कसलं?’’ या एका प्रश्नात अर्धी पद्धत आली. अर्जुनाला इथे ‘पूर्वापार चालत आलेलं’ एवढंच म्हणायचंय. पणजोबा करायचे, आजोबा करायचे, म्हणून आपण करतो, अशा रीतींविषयी तो बोलतोय. हा अर्थ चुकीचा नाही, भाषेत तो आहेच. पण कृष्ण दुसऱ्या अध्यायात ‘अचलोऽयं सनातनः’ (२.२४) म्हणतो तेव्हा तो कुठल्या रीतीविषयी बोलत नाही. तिथे ज्याचा नाश होऊच शकत नाही ते सनातन. शब्द तोच, बोलणारा बदलला. दोन अध्यायांमधल्या या अंतरात सगळा उपदेश सामावलाय, असं मला वाटतं: ज्याला अर्जुन शाश्वत समजून रडत होता ते संपणारं आहे, आणि जे खरंच शाश्वत आहे त्याच्याबद्दल रडायचं कारण नाही. शंकराचार्यांचं भाष्य दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होतं, त्यामुळे भाष्य घेऊन बसणाऱ्यांच्या हातून पहिल्या अध्यायातले हे दोन श्लोक सहज निसटतात. तुम्ही निसटू देऊ नका.

हाच प्रश्न ‘एष धर्मः सनातनः’ या शेपटाला विचारा. मनुस्मृतीत ते सत्य पण प्रिय बोलावं या श्लोकाच्या शेवटी येतं (४.१३८). धम्मपदाच्या पाचव्या गाथेत वैराने वैर शमत नाही हे सांगून बुद्ध म्हणतात, ‘एस धम्मो सनन्तनो’. दोन्हीकडे तो वागण्याच्या एका नियमावर मारलेला शिक्का आहे. आत्म्याच्या स्वरूपाशी त्याचा संबंध नाही. त्याला आत्म्याच्या नित्यत्वात ओढू नका. विशेषतः बौद्ध गाथेला, कारण तिथे नित्य आत्मा मानतच नाहीत.

कोणता बदल नाकारलाय?

हा दुसरा प्रश्न, आणि यात सगळ्यात जास्त माल आहे. इथे घाई करू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या.

यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या जुन्या ग्रंथात (१.२), वार्ष्यायणी नावाच्या आचार्यांचं मत दिलंय: ‘षड् भावविकारा भवन्ति’. जे जे घडतं त्याच्या सहा अवस्था. जायते, अस्ति, विपरिणमते, वर्धते, अपक्षीयते, विनश्यति. जन्मतं, असतं, पालटतं, वाढतं, झिजतं, नाहीसं होतं. वहीत हे सहा शब्द उभे लिहा. आता विसावा श्लोक समोर घ्या:

न जायते म्रियते वा कदाचिन्नायं भूत्वा भविता वा न भूयः।
अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो न हन्यते हन्यमाने शरीरे॥

आणि प्रत्येक शब्दापुढे विचारा, हा या सहांतल्या कोणाला खोडतो? ‘अज’ने जन्म गेला. ‘न म्रियते’, म्हणून ‘नित्य’, याने नाश गेला. इथपर्यंत कोणीही येईल. शंकराचार्य पुढे म्हणतात, पहिला आणि शेवटचा विकार नाकारला की मधले आपोआप नाकारले जातात हे खरं, तरीही मधल्यांना त्यांच्या-त्यांच्या शब्दाने नाकारायला हवं. म्हणून ‘शाश्वत’ने झीज नाकारली, ज्याला अवयवच नाहीत ते झिजणार कुठून? ‘पुराण’ने वाढ नाकारली. हे वाचून आमच्यातले एक काका अडखळले. म्हणाले, ‘‘पुराण म्हणजे जुनं. जुन्याचा आणि वाढीचा काय संबंध?’’ भाष्यात उत्तर आहे. ज्यात नवीन भाग येऊन भर पडते ते वाढतं आणि त्याला आपण नवं झालं म्हणतो. आत्म्यात भर पडत नाही. तो ‘पुरापि नव एव’, पूर्वीही नवाच होता, म्हणून पुराण. आणि ‘न हन्यते’? मरण तर आधीच नाकारून झालं. पुनरुक्ती टाळायची म्हणून आचार्य इथे ‘हन्’चा अर्थ पालटणं असा घेतात: शरीर पालटलं तरी हा पालटत नाही. उरला ‘अस्ति’, म्हणजे जन्मून मग असणं. तो ‘नायं भूत्वा’ या तुकड्याशी श्रीधरस्वामींसारखे टीकाकार जोडतात.

वहीत सहाच्या सहा शब्दांवर काट बसली. आता परत श्लोक म्हणून बघा. पाठ असलेला श्लोक असतो, लहानपणी संध्याकाळी म्हटलेला, पण या वेळी प्रत्येक शब्दाशी जीभ अडते. तसं व्हायला हवं.

आता प्रामाणिकपणे एक सांगतो. ही वाटणी सगळीकडे इतकी नीट बसत नाही. चोविसाव्या श्लोकातल्या ‘नित्यः सर्वगतः स्थाणुरचलोऽयं सनातनः’ला हा हिशेब लावायला गेलात तर ओढाताण होते. तिथे ते शब्द एकमेकांतून निघतात: नित्य म्हणून सर्वगत, सर्वगत म्हणून स्थाणू, स्थाणू म्हणून अचल, म्हणून सनातन. आचार्यांनी तिथेच पुनरुक्तीच्या शंकेला उत्तर दिलंय की आत्मवस्तू समजायला अवघड, म्हणून भगवान तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांनी पुन्हा पुन्हा सांगतात. बैठकीत हे वाक्य फार कामाला येतं. कोणी ‘‘हे तर मगाशीच झालं की’’ म्हणालं की पुढे करायचं.

सुरुवात आहे का, शेवट आहे का?

मराठीत आपण ‘अनादि-अनंत’ एका दमात म्हणतो, जोडशब्द असल्यासारखं. ते दोन वेगळे दावे आहेत. एक असताना दुसरा नसू शकतो.

हे शिकायला तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या छोट्या पुस्तकासारखं पुस्तक नाही. त्यात अन्नंभट्टांनी अभावाचे, म्हणजे ‘नसण्या’चे, प्रकार सांगताना लिहिलंय: ‘अनादिः सान्तः प्रागभावः’ आणि ‘सादिरनन्तः प्रध्वंसः’. वाचायला कोरडं, पण नौपाड्यात चक्कर मारलीत तर डोळ्यांनी दिसतं. जुन्या तीनमजली इमारती पाडून टॉवर उठतायत. पुनर्विकासाला गेलेली एखादी इमारत घ्या. १९७० साली ती बांधली असेल तर त्याआधी ती नव्हती. हे तिचं ‘नसणं’ कधी सुरू झालं? कधीच नाही, ते अनादि होतं. पण ती उभी राहिली त्या दिवशी ते संपलं. हा प्रागभाव. आता ती पाडली. तिचं ‘नाहीसं होणं’ त्या दिवशी सुरू झालं आणि आता ते कधीच संपणार नाही. त्याच जागी, त्याच नावाने तेवीस मजले चढवलेत तरी ती इमारत परत येत नाही. हा प्रध्वंसाभाव. एकाला सुरुवात नाही पण शेवट आहे, दुसऱ्याला सुरुवात आहे पण शेवट नाही. आणि नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्रवाल्यांच्या, हिशेबात नित्य म्हणवून घ्यायचं तर दोन्ही नकोत.

याचा फायदा अद्वैत वाचताना होतो. तिथे अविद्या, म्हणजे स्वरूपाचं अज्ञान, अनादि सांगितली आहे. ‘‘अनादि असेल तर ती जाणार कशी?’’ हा प्रश्न दर बैठकीला कोणीतरी विचारतंच. आता उत्तर हाताशी आहे: अनादि असणं म्हणजे अनंत असणं नव्हे. अविद्या अनादि-सान्त मानली आहे, ज्ञानाने ती संपते. उलट बाजूने, कर्म करून मिळवलेलं जे काही आहे त्याला सुरुवात आहे, म्हणून त्याला शेवट मानायचा, असा उपनिषदांचा रोख दिसतो. छांदोग्य (८.१.६) म्हणतं, इथे कष्टाने मिळवलेलं जसं क्षीण होतं तसंच पुण्याने मिळवलेला परलोकही क्षीण होतो.

लांब आणि नित्य यांत गल्लत नको

घरच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगतात. द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, आणि मग गोदावर्याः दक्षिणे तीरे म्हणत आपल्या घरापाशी येतात. आपण हातावर पाणी घेऊन ‘‘कधी संपणार’’ असं बघत असतो. पुढच्या वेळी नीट ऐका. काळाच्या केवढ्या पट्टीवर तुम्हाला उभं केलंय! चार युगांची मिळून ४३,२०,००० वर्षं. अशी हजार चौकडी म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४,३२,००,००,००० वर्षं, गीतेतला ‘सहस्रयुगपर्यन्तम्’ (८.१७) तो हाच. तेवढीच रात्र. अशा ३६० अहोरात्रांचं वर्ष आणि अशी शंभर वर्षं आयुष्य: ३१,१०,४०,००,००,००,००० वर्षं. ‘द्वितीये परार्धे’ म्हणजे त्यातलं निम्मं उलटलं.

एवढ्या आकड्यानंतरही निकाल काय? अनित्य. ‘आब्रह्मभुवनाल्लोकाः पुनरावर्तिनः’ (८.१६), ब्रह्मलोकापासून खालचे सगळे लोक परतीचे. मोठ्या आकड्याची भुरळ पडू देऊ नका. आकडा आला म्हणजेच ते नित्य नाही, एवढी सोपी खूण लक्षात ठेवा.

या भागातला इतिहास याला छान जुळतो. शिलाहारांच्या काळात ठाणं म्हणजे श्रीस्थानक, त्यांची राजधानी. त्यांच्या काळच्या गधेगाळ, म्हणजे दान नोंदवणाऱ्या कोरीव शिळा, कोकणात ठिकठिकाणी सापडल्या आहेत. त्या दगडाच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात: हे दान चंद्र-सूर्य आहेत तोवर, आचंद्रार्क. खाली दान मोडणाऱ्याला जी शिवी आहे ती इथे लिहीत नाही. मला त्या दस्तलेखकांचं कौतुक वाटतं. त्यांनी ‘नित्य’ म्हटलं नाही. मुदत घातली, फक्त फार लांबची घातली. आणि तरी खाली शिवी कोरावी लागली, म्हणजे मुदतीवर त्यांचा स्वतःचाही किती भरवसा होता ते बघा.

‘शाश्वत’ हा शब्दसुद्धा कधीकधी असा लांबीचाच असतो. सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाविषयी, म्हणजे ज्याचा योग अर्धवट राहिला त्याच्याविषयी, कृष्ण म्हणतो की तो पुण्यवंतांच्या लोकी ‘उषित्वा शाश्वतीः समाः’ (६.४१), शाश्वत वर्षं राहून, मग सदाचारी श्रीमंतांच्या घरी जन्माला येतो. राहून, मग! इथे शाश्वत वर्षं सरळसरळ संपतात. हीच ‘शाश्वतीः समाः’ वाल्मीकींच्या ‘मा निषाद’ या श्लोकात आहेत, आणि ईशावास्य उपनिषदातही (८) आहेत. तिन्हीकडे एकच अक्षर लिहून मोकळे होऊ नका.

‘नित्य’चा आणखी एक साधा उपयोग आहे: पुन्हा पुन्हा. पतंजलींनी महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथाच्या सुरुवातीलाच तो नोंदवलाय. नित्य हा शब्द फक्त अढळ गोष्टींनाच लावतात असं नाही, वारंवारतेलाही लावतात, उदाहरणार्थ ‘नित्यप्रहसितः, नित्यप्रजल्पितः’, सदा हसणारा, सदा बडबडणारा. असा माणूस झोपेत गप्पच असतो. गीतेतलं ‘नित्यजातम्’ (२.२६) या जातीचं: दर देहागणिक जन्मणारा. आपलं नित्यकर्म, नित्यनेम, सगळे इथले.

पालटूनही टिकतं ते

आता अवघड पायरी. जे अजिबात बदलत नाही तेवढंच नित्य, की बदलत राहूनही जे ‘तेच’ राहतं तेही?

पतंजली दोन्ही मान्य करतात. एक व्याख्या कडक: ध्रुव, कूटस्थ, अविचल, ज्यात काही येत नाही, जात नाही, विकार होत नाही. पण लगेच दुसरी: ‘तदपि नित्यं यस्मिंस्तत्त्वं न विहन्यते’, ज्यातलं ‘ते-पण’ मोडत नाही तेही नित्य. सोन्याचं उदाहरण घ्या. गोळा मोडून एक दागिना, तो मोडून दुसरा; आकार जातात, सोनं राहतं. हेच दोन प्रकार पुढे कूटस्थनित्य आणि परिणामिनित्य म्हणून स्थिरावले. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात (४.३३) स्वच्छ वाटणी आहे: पुरुषाची, म्हणजे आत्म्याची, कूटस्थ नित्यता; गुणांची (सत्त्व, रज, तम) परिणामी. सांख्य-योगाला दोन्ही चालतात. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावर लिहिताना शंकराचार्य परिणामिनित्याचा उल्लेख करतात, पण तो दुसऱ्यांचा म्हणून: जगत नित्य मानणाऱ्यांची पृथ्वी वगैरे, सांख्यांचे गुण. स्वतःच्या ब्रह्माला मात्र पारमार्थिक कूटस्थनित्य म्हणून बाजूला काढतात.

म्हणून ग्रंथ उघडल्यावर तो कोणत्या दर्शनाचा, म्हणजे कोणत्या विचारपंथाचा, हे आधी पाहा, नाहीतर सगळा घोटाळा होईल. वैशेषिकांची व्याख्या ‘सदकारणवन्नित्यम्’ (४.१.१): जे आहे आणि ज्याला कारण नाही ते नित्य. त्यांच्याकडे परमाणू नित्य, आकाशही नित्य. तैत्तिरीय उपनिषदात (२.१) तेच आकाश आत्म्यापासून जन्माला येतं. मीमांसकांना शब्द नित्य हवा, कारण वेदाचं प्रामाण्य त्यावर उभं. नैयायिक ‘शब्द अनित्य, कारण तो केलेला आहे’ हे अनुमान पाठ्यपुस्तकासारखं घोकतात. कोण बरोबर, हे वाचायला बसल्या-बसल्या ठरवू नका. कोण कशासाठी भांडतोय ते समजलं की अर्धं काम झालं.

समासातली अक्षरं

आम्ही चार अक्षरं ठरवली आहेत. ‘कू’ म्हणजे कूटस्थ, अजिबात न बदलणारं. ‘प्र’ म्हणजे प्रवाहाने किंवा पालटत टिकणारं. ‘दी’ म्हणजे दीर्घकाळ, पण संपणारं. पूर्वापार चालत आलेलं यातच घालतो. ‘पु’ म्हणजे पुन्हा पुन्हा. पहिल्या अध्यायातले अर्जुनाचे दोन्ही शब्द ‘दी’. ‘शाश्वतीः समाः’ गीतेत ‘दी’. ‘नित्यजातम्’ ‘पु’. ‘अजो नित्यः’ ‘कू’. जिथे ठरत नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि प्रश्नचिन्हं भरपूर पडू द्यात. अथर्ववेदातला ‘सनातनमेनमाहुरुताद्य स्यात्पुनर्णवः’ (१०.८.२३) हा मंत्र आमच्या वहीत अजून प्रश्नचिन्हासह आहे. त्याला सनातन म्हणतात, आणि तो आज पुन्हा नवा असावा. दिवस-रात्र एकमेकांतून जन्मतात तसा. कोणतंही अक्षर लावलं की दुसरा अर्धा भाग ओरडतो.

स्वतः सराव करायचा तर पंधरावा अध्याय घ्या. पहिल्याच श्लोकात संसाररूपी अश्वत्थाला ‘अव्ययम्’ म्हटलंय. बोलणारा कृष्ण, पण ‘प्राहुः’ आहे, लोक म्हणतात असा. तिसऱ्या श्लोकात त्या झाडाचा आदि-अंत दिसत नाही हे सांगून लगेच ते असंगशस्त्राने, म्हणजे अनासक्तीच्या शस्त्राने, छेदायला सांगितलंय. तोडता येतं ते अव्यय कसं? इथे ज्ञानेश्वरी उघडा. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी याचं जे उत्तर दिलं ते मला भाष्यांपेक्षाही स्वच्छ वाटतं. एका बाजूने मेघ समुद्र उपसतात, दुसरीकडून नद्या भरतात, म्हणून तो ना वाढतो ना ओसरतो असा भरलेला दिसतो. तसं या झाडाचं होणं-जाणं इतक्या वेगाने चालतं की ते कळत नाही, म्हणून लोक त्याला अव्यय म्हणतात. मग पाचव्या श्लोकावर या. तिथे पुन्हा तोच शब्द, ‘पदमव्ययं तत्’, पण आता जिथे पोचायचं त्या पदासाठी.

माझ्या प्रतीत पहिल्यापुढे ‘प्र’ आहे आणि दुसऱ्यापुढे ‘कू’. वहिनींना पहिल्यापुढे ‘दी’ हवंय. त्यांचं म्हणणं, तोडल्यावर संपतं ते लांबलेलंच म्हणायचं, प्रवाह कसला. गेल्या शनिवारी चहा गार झाला तरी मिटलं नाही.